मांस काय खातं

श्रावणातल्या एका सोमवारी बाबा मांस खाणार असं ठरलं आणि त्या दिवसापासून माझी भूक गेली.

बाबांचं मटणाचं दुकान आहे, जोगेश्वरी पूर्वेला. पण श्रावण लागला की आमच्या घरात मांस शिजत नाही. दुकान महिनाभर अर्धं शटर ओढून चालतं. ज्यांना हवं ते येतात, बाबा कापून देतात, स्वतः मात्र तोंडाला लावत नाहीत. जन्मापासून मी हे बघत आलेय. तेच बाबा श्रावणात, तेही सोमवारी, परक्या माणसांसमोर मांस खाणार होते. कारण मी त्यांना सांगितलं होतं की ह्या मांसासाठी कोणाचा जीव गेलेला नाही. बाबा माझ्या शब्दावर खाणार होते, आणि माझा शब्द पुरता खरा नव्हता.

मी काय करते ते आधी सरळ सांगून टाकते. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर एक गाळा आहे. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याचे खोके बनतात, वर आम्ही मांस वाढवतो. बोकड नाही, नुसतं त्याचं मांस. जनावराच्या मांडीतला शेंगदाण्याएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, त्यांना उबेत ठेवायचं आणि खायला घालायचं. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. त्या ज्या पाण्यात वाढतात त्याला आम्ही माध्यम म्हणतो. रंग गुलाबी, सरबतासारखा. पेशींनी त्यातलं खाऊन संपवलं की ते पिवळं पडतं, मग बदलायचं. रविवार असो नाहीतर गणपती, त्यांना खायला घालायला कोणीतरी जावंच लागतं. आमच्याकडे बहुतेक वेळा मी जाते. कुलूप उघडून आत गेलं की इनक्युबेटरची एकसुरी घरघर ऐकू येते आणि एक कोमट वास येतो. बाळंतिणीच्या खोलीसारखा वास म्हणायला मला आवडलं असतं, पण तसा तो नाही. आमच्या दुकानात दुपारी शटर ओढल्यावर जो वास मागे राहतो, तसा आहे. फक्त त्यात कोणी फरशी धुतलेली नसते.

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आजोबा गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा बाबा वाकोल्याला एका मटणाच्या दुकानात लागले, आणि पुढे हे स्वतःचं दुकान केलं. मी बीएस्सी केलं, मग बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी. फर्स्ट क्लास. हे मी लाजून सांगणार नाही. कॉलेजात पहिल्या डिसेक्शनला वर्गातल्या निम्म्या मुली खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, माझा हात एकदाही थरथरला नाही. बाईंनी विचारलं, "कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "दुकानात." सगळे हसले. मीही हसले. त्या वर्षी प्रॅक्टिकलला मी पहिली आले.

नोकरीचं कळलं तेव्हा आई मालवणीत म्हणाली, "बापूस मटाणवालो, चेडू मटाणवाला. येवढां शिकवून केलां काय आम्ही?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे कापूचा नाय?"

"नाही, बाबा."

"कोणाकच?"

"कोणालाच नाही."

ते माझ्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "बरां काम गावला तुका."

ते एवढं गंभीर का झाले हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. बाबांचा एक नियम आहे, गाभण जनावर घ्यायचं नाही. देवनारच्या बाजारात शेळ्याही येतात, बोकडापेक्षा स्वस्त पडतात. बाबा वाकून पोटाखाली हात घालतात, डोळे मिटतात, काही क्षण थांबतात. शंका आली तरी सोडून देतात. मी तिसरीत असताना एकदा त्यांचा हात चुकला. पोटातून दोन पिल्लं निघाली, अंगावर ओली लव आलेली. त्यातलं एक पाय हलवत होतं. बाबांनी त्या दिवशी सगळं मटण फेकलं, शटर पाडलं आणि घरी येऊन मोरीत बसले. मी शाळेतून आले तेव्हा नळ चालूच होता. काय झालं होतं ते मला पुढे आईने सांगितलं, बाबा त्याबद्दल एक अक्षर बोललेले नाहीत. पण माझ्या नोकरीकडे ते कुठून बघत होते हे मला ठाऊक होतं. त्यांना वाटत होतं, आपल्या हातून जे झालं त्यातून ही पोरगी वाट काढतेय.

आमच्या पेशीसुद्धा त्यांच्याच दुकानातून आल्या. कंपनीला अगदी ताजा तुकडा हवा होता, तासाभराच्या आतला. बाबांनी एका तरण्या बोकडाच्या मांडीतून असा सुबक काढून दिला की आमच्या मालकाने फोटो काढला. त्या बोकडाचं मटण त्याच दिवशी गिऱ्हाइकांनी शिजवून खाल्लं. त्याला आता दोन वर्षं होतील. आणि तो बोकड आमच्याकडे अजून वाढतोय. साधारणपणे अशा पेशी काही वेळा दुणावतात आणि मग थकतात. ह्याच्यातल्या एका फ्लास्कमधल्या पेशी थकायचं विसरल्या. आम्ही त्यांना वेगळं काढलं, नंबर दिला, गोठवून साठा केला. मालक म्हणाला, हेच आपलं सोनं. मी मात्र त्यांच्याकडे बघताना कधीकधी मोजत राहायचे, की हा बोकड आता एकूण किती मोठा झाला असता. एका बिंदूनंतर मी मोजणं सोडलं.

आता एका बाटलीबद्दल.

पेशींना वाढायला नुसतं साखर, मीठ आणि व्हिटॅमिन पुरत नाही. "वाढ" असं त्यांना कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारं काहीतरी रक्तात असतं. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. आणि सगळ्यात जोराने "वाढ" सांगणारं सीरम असतं ते जे अजून जन्मलेलं नाही त्याचं. परदेशात गाभण गाय कापली गेली की पोटातल्या वासराच्या हृदयात सुई घालून रक्त काढतात. त्याचं सीरम गोठवलेल्या बाटलीतून आपल्याकडे येतं.

हे मला एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. माहीत होतं म्हणजे पुस्तकात एक ओळ होती. प्रयोगाच्या कागदावर लिहिलेलं असायचं, दहा टक्के सीरम घाला, आणि स्वयंपाकात चवीपुरतं मीठ घालतात तसं आम्ही ते घालायचो. देशोदेशीच्या प्रयोगशाळांतून घालतात. बाबांना मी माझं काम समजावून सांगितलं तेव्हा साखर सांगितली, मीठ सांगितलं, व्हिटॅमिन सांगितलं. सीरम राहिलं. मुद्दाम लपवलं नाही, माझ्या डोक्यात ती खाण्याची वस्तू नव्हतीच. त्या बाटलीचा आणि आमच्या मोरीतल्या नळाचा काही संबंध असेल असं मला कधी सुचलं नाही. एवढी शिकलेली मी, आणि सुचलं नाही.

शिवाय आमच्या कंपनीचं म्हणणंच हे होतं की आम्ही सीरम वापरत नाही. त्याच्याशिवायचं माध्यम आम्ही बनवलं होतं. त्यात पेशी आठवडाभर बऱ्या चालायच्या, मग तळ सोडायच्या, गोल व्हायच्या, आणि राखेसारख्या वर तरंगायच्या. दर सोमवारी मी राख ओतून द्यायचे आणि नव्याने सुरुवात करायचे.

अशातच मालकाने पैसे गुंतवणाऱ्या लोकांना चाखायला बोलावलं. विक्रीची परवानगी आमच्याकडे नव्हती, हे नुसतं निमंत्रितांसाठी होतं. आमचा मालक माझ्याच वयाचा, घाटकोपरचा. त्याच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही. मांस त्याने जन्मात खाल्लेलं नाही, आणि हुशारीत मात्र आम्हा सगळ्यांना पुरून उरेल. त्याने फळ्यावर तारीख लिहिली. मी म्हटलं, "अरे, श्रावण आहे. त्यात सोमवार."

त्याचा चेहरा उजळला. "यार, हेच तर पाहिजे! तुझे बाबा श्रावण पाळतात ना? मटणवाला, श्रावणातला सोमवार, आणि तो आपलं मांस खातोय. कारण ह्यात जीवच गेला नाही. एकदम झकास! विचार ना त्यांना."

टाळ्या वाजल्या. मग त्याच मीटिंगमध्ये, टाळ्या थांबल्यावर, तो हळूच म्हणाला, "ह्या वेळेपुरतं वाढवताना सीरम घाला. शेवटचे दोन दिवस आपल्या माध्यमात ठेवा. धुऊन जातं सगळं."

माझ्या शेजारी माझ्याबरोबरच काम करणारी मैत्रीण बसली होती. मुलुंडची, दोन पिढ्यांपासून डॉक्टरांचं घर. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, बाबांना काय सांगू?"

"काय सांगायचंय? कॉलेजपासून वापरतोय आपण. आता काय एकदम?"

"तेव्हा खात नव्हतो कोणी."

"मग तू नको खाऊस," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, "सॉरी गं. पण खरंच, वाट लागेल तुझी. तू बोललीस तर प्रोजेक्ट जाईल, आणि प्रोजेक्ट गेला तर पहिली तू जाशील."

घरी मी मनाशी ठरवून गेले की बाबा नाही म्हणाले तर जोर करायचा नाही. ते नाहीच म्हणतील अशी माझी खात्री होती. आईने ऐकून कपाळावर हात मारला. "सोमवारी? तुझ्या त्या मालकाक वार कळत नाय?"

बाबांनी सुरी पुसता पुसता विचार केला. म्हणाले, "जीव गेलो तर वार लागता. हय जीवच गेलो नाय, तर वार कसलो?" आणि माझ्याकडे बघून, "होय मां गो?"

मी मान डोलावली. एवढंच. हो म्हटलं नाही, मान डोलावली. वकिलाला हा फरक उपयोगी पडेल, मला नाही पडला.

दुसऱ्या दिवशी मी बाटली वितळत ठेवली. माझ्याच हाताने. वितळताना तिच्यात आधी कडेने पाणी सुटतं आणि मधे एक फिकट गोळा तरंगत राहतो. पूर्वी मी तिकडे बघायचेही नाही, त्या दिवशी तो गोळा विरेपर्यंत बघत बसले. पेशींना ते मिळालं आणि त्या सुटल्या. आधी आठवडाभरात जेवढ्या व्हायच्या तेवढ्या तीन दिवसांत झाल्या. एकमेकींवर चढल्या. फ्लास्क उघडून त्यांना जागा करून द्यावी, तोवर माध्यम पिवळं पडलेलं असायचं. इतके दिवस ह्या उपाशी होत्या, आणि त्यांना काय हवंय ते त्यांना आमच्याआधी ठाऊक होतं.

चाखण्याच्या तीन दिवस आधी मालकाने बाबांना प्रयोगशाळा दाखवायला बोलावलं. व्हिडिओसाठी. बाबा पांढरा शर्ट घालून आले. हातांना लिंबू चोळून आले होते, मला दुरूनच कळलं. बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या बघून म्हणाले, "ह्यां बरां आसा. दुकानातय घेऊक हवी." सगळे हसले. बाबाही खुशीत होते. मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं.

पेशी पुरेशा जवळ आल्या की एकमेकींत मिसळून लांब तंतू होतात, स्नायूचे. आणि असे तंतू कधीकधी आपणहून आखडतात. कोणी बोट लावत नाही, वीज देत नाही. बशीत पडल्या पडल्या एक तंतू थरकतो, थांबतो, परत थरकतो. आम्हाला ते बघून आनंद होतो, मांस नीट झालं ह्याची ती खूण. बाबांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"हलता," ते म्हणाले.

"हो बाबा. चांगली खूण आहे ती."

"कापल्यार मास फडफडता. माका म्हायत आसा. तां संपता म्हणान फडफडता." त्यांनी अजून डोळा काढला नव्हता. "ह्यां संपणारा नाय."

मालकाने कॅमेरावाल्याला खूण केली की हे घे. बाबांनी मान वर केली आणि मला विचारलं, "ह्यां खाता काय?"

"साखर. मीठ. व्हिटॅमिन."

"आणि रगत?"

खोलीत आम्ही पाच जण होतो, माझी मैत्रीणही. इनक्युबेटर घरघरत होता.

"रगताशिवाय मास वाढता कसा?" बाबा म्हणाले. त्यात संशय नव्हता. धंद्यातला माणूस धंद्याचं विचारतो तसं त्यांनी विचारलं. चाळीस वर्षं मांस हाताळलेल्या माणसाने दोन मिनिटं बघून नेमका तो प्रश्न विचारला, जो गुंतवणूकवाल्यांपैकी एकानेही विचारला नव्हता. मला एकीकडे त्यांचा अभिमान वाटला. आणि त्याच श्वासात मी म्हणाले, "रक्त लागत नाही, बाबा. तेच तर आम्ही शोधून काढलंय."

माझी मैत्रीण वळली आणि हात धुवायला गेली. तिचे हात स्वच्छ होते.

सोमवारी बाबांनी सकाळी देवाला बेल वाहिला आणि मग माझ्याबरोबर रिक्षात बसले. चाखायला तिघे आले होते, शिवाय एक आचारी. त्याने खिम्याच्या लहान टिक्क्या केल्या होत्या, वर पुदिना. बाबांनी त्या नको म्हटलं. "माका नुसता मिठात शिजवून द्या. मसाल्यात कायव खपता." आचाऱ्याने वाटीत थोडं मिठाच्या पाण्यात शिजवून दिलं. फिकट रंग, हवाबंद डब्यातल्या खोबऱ्यासारखा. बाबांनी हाताने घेतलं. आधी हुंगलं. मग डोळे मिटले.

माझ्या मनात होतं, आता ओरडावं. खोकला काढावा, वाटी पाडावी, काहीही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बाबांनी घास तोंडात घातला. चावला. गिळला.

"अंकल, कैसा है?" तिघांतला एक म्हणाला.

"मटाण नाय ह्यां," बाबा म्हणाले. "दाताक काय लागत नाय. चरबी नाय. पण मास आसा. खोटा नाय."

मालकाने त्याचं इंग्रजी केलं, मंडळी खूश झाली. मग कॅमेऱ्यासमोर त्यांना विचारलं की श्रावणात कसं काय खाल्लंत. बाबांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "ह्येच्यात जीव गेलो नाय. माझ्या चेडवान सांगितल्यान. ता एमएस्सी झालेला आसा."

मालकाने स्वतः खाल्लं नाही. कोणीतरी आग्रह केला तेव्हा हात जोडून म्हणाला, माझा चातुर्मास आहे.

परतताना रिक्षा जोगेश्वरीच्या सिग्नलला थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "तुझ्या मालकान खाल्ल्यान नाय."

"त्याला सवय नाही, बाबा."

"हां," ते म्हणाले. "सवय नाय."

त्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं. अर्ध्या शटरखालून वाकून येणारी माणसं, त्यांना बाबा उभं करून ठेवायचे. "थोडी वर्षां थांबा. कापूचा बंद होतला. माझां चेडू करता." एक म्हातारे गृहस्थ हसले, "मग तू काय विकशील रे?" बाबा म्हणाले, "तांच विकीन. पयलां माझ्या दुकानात येतला." मी दुकानासमोरून जायचं टाळायला लागले. लांबच्या गल्लीने घरी यायचे.

शुक्रवारी मालकाने मला दोन पानी कागद दिला. व्हिडिओ बाहेर काढायचा होता, बाबांची संमती हवी होती. "एक सही घेऊन ये ना बाबांची. सोमवारपर्यंत."

रविवारी दुपारी बाबा दुकान बंद करून आले, जेवले. आई खाली बसून वाल सोलत होती. मी कागद काढला. आमच्या घरी इंग्रजी कागद आला की तो मी वाचायचा. मी सातवीत असल्यापासून. बँकेचा असो, पालिकेचा असो, मी वाचून मराठीत सांगायचे आणि बोट ठेवेन तिथे बाबा सही करायचे. त्यांनी कधी परत विचारलेलं नाही. त्या दिवशीही ते पेन उघडून बसले.

मी वाचायला लागले. तुमचा चेहरा, तुमचा आवाज, कंपनी वापरेल. बाबांनी मान डोलावली. दुसऱ्या पानावर तिसरं कलम होतं. ह्या मांसात काय काय वापरलं आहे आणि ते कसं बनतं, हे मला पूर्ण समजावून सांगण्यात आलं आहे.

ते वाक्य मी मनात वाचलं आणि तोंडाने पुढे जाता येईना.

"काय झाला?" बाबा म्हणाले. "खंय करू सही?"

"बाबा, तुम्ही त्या दिवशी रक्ताचं विचारलं होतं."

"हां."

"लागतं."

त्यांनी पेन तसंच धरून ठेवलं. "खंयचा?"

"गाईच्या पोटातल्या वासराचं. परदेशातून येतं. बाटलीत."

आईचे हात थांबले.

"वासरू जितां असता?" बाबांनी विचारलं.

"हो. काढताना हृदय चालू असावं लागतं." हे मी परीक्षेत सांगावं तसं सांगितलं. दुसरा कुठला आवाज मला सापडला नाही.

"मी विचारलंय तेवा तुका म्हायत होता?"

"हो."

आई म्हणाली, "श्रावणात, गो."

मी खूप काही तयार करून ठेवलं होतं. की हे तात्पुरतं आहे. की सीरमशिवायचं जमलं की हजारो जनावरं वाचतील. की शेवटचे दोन दिवस ते धुऊन जातं. त्यातलं पहिलं वाक्य मी सुरू केलं, "पुढे नाही लागणार, बाबा."

"पुढचा सोड," ते म्हणाले. ओरडले नाहीत. मी वाट बघत होते ओरडण्याची.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, आणि उठून चपला घातल्या.

"खंय चाललास?" आईने विचारलं.

"भाऊंकडे."

भाऊ म्हणजे आमचे शेजारी, पोस्टातून निवृत्त झालेले. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एवढी पातळ की त्यांच्या पंख्याची कुरकुर इकडे ऐकू येते. दार वाजलं. मग बाबांचा आवाज, "भाऊ, येवढां वाचून दाखवा जरा."

"इंग्रजी आहे की रे. तुझी मुलगी एमएस्सी झालेली ना? घरात नाही का?"

"आसा," बाबा म्हणाले. "तुमी वाचा."

खुर्ची सरकली. चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. भाऊंनी वाचायला घेतलं, एकेक शब्द सुटा करत, मधे अडत, मग मराठीत सांगत. मी जमिनीवर बसून ऐकत होते. आई वालाची सालं गोळा करत होती, माझ्याकडे न बघता. पहिलं पान झालं. दुसरं पान उलटलं. भाऊ तिसऱ्या कलमावर आले आणि त्यांना ते सोपं गेलं, तिथे न अडखळता म्हणाले, "तुला सगळं नीट समजावून सांगितलंय, कशापासून बनतं ते, असं तू लिहून देतोयस."

"परत वाचा," बाबा म्हणाले.